डॉलर कोणाला आणि कशाच्या आधारावर, हे आधी लिहून ठेवा: जी-२० च्या अर्थमंत्र्यांना व गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
जी-२० देशांचे अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर यांस,

स. न. वि. वि.

संकट आले की आपल्या तातडीच्या बैठका होतात आणि ‘आवश्यक ती सर्व पावले उचलू’ असे संयुक्त निवेदन निघते. त्या वाक्याने बाजाराला दोन दिवस धीर येतो. तिसऱ्या दिवशी बँकांच्या ट्रेझरीतली माणसे पुन्हा तोच प्रश्न विचारतात: उद्या फेडायचे डॉलर आणायचे कुठून, किती मिळतील, कोणत्या तारणावर, किती दिवसांसाठी? २००८ मध्ये या प्रश्नाचे उत्तर घाईघाईत शोधले गेले आणि ज्यांच्यापर्यंत ते पोहोचले त्यांच्यापुरते ते चोख ठरले. पण ते कोणापर्यंत पोहोचवायचे आणि कोणापर्यंत नाही, याचा नियम तेव्हा लिहिला गेला नाही, २०२० च्या कोविड संकटातही नाही आणि आजही तो लिहिलेला नाही. तो लिहावा, एवढी एकच मागणी घेऊन आम्ही हे पत्र लिहीत आहोत. बाकीचे मुद्दे त्या मागणीला धरूनच आले आहेत.

तेव्हा काय तुटले होते, ते आधी नेमके सांगायला हवे. युरोपातल्या बँकांनी अमेरिकी गृहकर्जांवर बेतलेले रोखे मोठ्या प्रमाणावर घेऊन ठेवले होते. रोखे दीर्घ मुदतीचे, आणि ते घेण्यासाठी उचललेले डॉलर मात्र काही दिवसांच्या किंवा काही आठवड्यांच्या मुदतीचे. हे डॉलर या बँका अमेरिकी मनी मार्केट फंडांकडून, म्हणजे लोकांचा पैसा अल्प मुदतीसाठी गुंतवणाऱ्या फंडांकडून घेत, नाहीतर युरो देऊन ठरावीक मुदतीसाठी अदलाबदलीने मिळवत. ९ ऑगस्ट २००७ रोजी फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेने आपल्या तीन फंडांतून पैसे काढण्यावर बंदी घातली आणि युरोपीय मध्यवर्ती बँकेने त्याच दिवशी सुमारे ९५ अब्ज युरो बाजारात ओतले. पण तुटवडा युरोचा नव्हताच, डॉलरचा होता, आणि डॉलर छापणे फ्रँकफर्टच्या, म्हणजे तिथे मुख्यालय असलेल्या युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या हातात नव्हते. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह प्रायमरी या मनी मार्केट फंडाच्या एका डॉलरच्या युनिटचे मूल्य ९७ सेंटवर आले, कारण त्या फंडाकडे लेहमनचे ७८.५ कोटी डॉलरचे कागद होते. गुंतवणूकदारांनी असे फंड रिकामे करायला सुरुवात केली आणि फंडांनी बँकांना उसने देणे थांबवले. बँका एकमेकींना तीन महिन्यांसाठी ज्या दराने पैसे देत तो दर आणि त्याच काळासाठी अपेक्षित असलेला एका रात्रीचा दर, यांच्यातले अंतर संकटापूर्वी ०.१ टक्क्याच्या आसपास असे. १० ऑक्टोबर २००८ रोजी ते ३.६४ टक्क्यांवर गेले.

अशा वेळी देशाचे व्याजदर कमी करून डॉलर मिळत नाहीत. ८ ऑक्टोबरला सहा मध्यवर्ती बँकांनी एकत्र दरकपात केली. ते पाऊल योग्य होते, पण कोंडी फुटली ती चलन अदलाबदलीच्या करारांनी, म्हणजे स्वॅपने.

स्वॅप कसा चालतो हे आपल्याला ठाऊक आहेच. तरी जोखीम कोणाकडे राहते यावरच पुढचा सगळा युक्तिवाद उभा असल्याने त्याच्या पायऱ्या इथे मांडतो. समजा युरोपीय मध्यवर्ती बँकेने १० अब्ज डॉलर मागितले. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह (फेड) ते डॉलर तिच्या खात्यात जमा करते आणि त्या दिवसाच्या बाजारभावाने तितक्याच किमतीचे युरो फेडच्या नावे जमा होतात. परतफेडीचा विनिमय दर त्याच क्षणी बांधला जातो. मुदत एका रात्रीपासून सुमारे तीन महिन्यांपर्यंत. मुदत संपली की त्याच दराने उलट व्यवहार होतो, त्यामुळे मधल्या काळात युरो कितीही घसरला तरी फेडला तोशीस लागत नाही. घेतलेले डॉलर युरोपीय मध्यवर्ती बँक आपल्या बँकांना तारणावर देते. त्यातली एखादी बँक बुडाली तर तोटा फ्रँकफर्टचा. फेडचा संबंध फक्त समोरच्या मध्यवर्ती बँकेशी असतो.

१२ डिसेंबर २००७ रोजी ही सोय युरोपीय मध्यवर्ती बँकेला २० अब्ज आणि स्वित्झर्लंडला ४ अब्ज डॉलर इतकी छोटी होती. लेहमननंतर ती वाढत गेली आणि ऑक्टोबर २००८ च्या मध्यात चार बड्या मध्यवर्ती बँकांसाठी वरची मर्यादाच काढून टाकली गेली. २९ ऑक्टोबरला ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर यांना प्रत्येकी ३० अब्ज डॉलरची सोय मिळाली आणि यादी १४ मध्यवर्ती बँकांवर पोहोचली. डिसेंबर २००८ मध्ये थकीत रक्कम ५८० अब्ज डॉलरच्या वर होती. ती सगळी व्याजासह परत आली. फेडला एका डॉलरचाही तोटा झाला नाही.

आता यादीच्या आत आणि बाहेर असण्यातला फरक पाहा. दक्षिण कोरियाकडे सप्टेंबर २००८ अखेर सुमारे २४० अब्ज डॉलरची गंगाजळी होती. तरीही वॉन कोसळत होता, कारण तिथल्या बँकांची अल्प मुदतीची परकीय देणी मोठी होती आणि गंगाजळी खर्च होताना दिसली की भीती आणखी वाढत होती. ३० अब्जांची घोषणा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी वॉन झपाट्याने वर आला. ब्राझील, सिंगापूर, कॅनडा आणि न्यूझीलंड यांनी तर आपल्या वाट्याचा एक डॉलरही उचलला नाही. दार उघडे आहे हे बाजाराला कळणे त्यांना पुरले.

हंगेरीच्या वाट्याला वेगळेच आले. तिथल्या असंख्य कुटुंबांची गृहकर्जे स्विस फ्रँकमध्ये होती. बँका ते फ्रँक छोट्या मुदतीच्या अदलाबदलीतून मिळवत आणि फोरिंट घसरला की त्या व्यवहारांवर जादा तारण भरावे लागे. ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने डेन्मार्कला १२ अब्ज युरोचा स्वॅप दिला. हंगेरीला मात्र ५ अब्ज युरो देऊ केले तेही रेपोने, म्हणजे चांगल्या दर्जाचे युरोतले रोखे गहाण ठेवून. स्वॅपमध्ये देश स्वतःचे चलन देतो. रेपोमध्ये आधीच गंगाजळीत असलेली मालमत्ता गहाण पडते, नवा पैसा देशात येत नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? महिन्याभरात हंगेरी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात होती: सुमारे १५.७ अब्ज डॉलरचे कर्ज आणि सोबत सरकारी खर्चात कपात. कोरिया आणि हंगेरी यांच्या आर्थिक धोरणांत फरक होता, हे आम्हाला मान्य आहे. पण कोणता फरक निर्णायक धरला गेला हे त्या आठवड्यात बुडापेस्टला कुठेच वाचता येत नव्हते. अमेरिकेत अर्थव्यवस्थेचा आकार, वित्तीय बाजारांतले वजन, धोरणांची शिस्त यांवर बंद दाराआड चर्चा झाली आणि त्या बैठकांचे शब्दशः अहवाल पाच वर्षांनी उघड झाले. ज्याची परीक्षा आहे त्याला निकष निकालानंतर पाच वर्षांनी कळत असतील, तर तो तयारी कशाची करणार?

२०१३ मध्ये फेडसह सहा मध्यवर्ती बँकांमधले स्वॅप कायमस्वरूपी झाले. बाकीच्या नऊ बँकांना मार्च २०२० मध्ये पुन्हा तात्पुरती सोय मिळाली आणि २०२१ अखेर ती संपली. फेडने मार्च २०२० मध्ये परदेशी मध्यवर्ती बँकांसाठी रेपोची खिडकी जाहीर केली आणि जुलै २०२१ मध्ये ती कायम केली, हे स्वागतार्ह आहे. पण ज्यांच्याकडे अमेरिकी सरकारचे रोखे आहेत त्यांच्याच ती उपयोगाची. हंगेरीची अडचण तिने सुटली नसती.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हमी आधीच दिली तर देश बेफिकीर होतील. आक्षेप गंभीर आहे आणि त्याला किंमत हेच उत्तर आहे. २००८ मध्ये स्वॅपवर बाजाराच्या एका रात्रीच्या अपेक्षित दरापेक्षा एक टक्का जादा आकारला जाई, नोव्हेंबर २०११ पासून अर्धा आणि मार्च २०२० पासून पाव टक्का. शांत काळात हे जादा व्याज बाजारापेक्षा महाग पडते, म्हणून विनाकारण कोणी उचल करत नाही. नव्या देशांसाठी ते एक किंवा दीड टक्का ठेवा. दार बंद ठेवण्यापेक्षा दाराशी शुल्क घेणे बरे.

म्हणून आमची पहिली मागणी. ज्यांच्या चलनात जग कर्ज घेते त्या मध्यवर्ती बँकांनी, म्हणजे सर्वप्रथम फेडने आणि मग युरो, येन, पौंड, स्विस फ्रँक व युआन यांच्या बँकांनी, शांत काळात एक दस्तऐवज प्रसिद्ध करावा. पात्रतेच्या कसोट्या कोणत्या, कमाल रक्कम कोणत्या सूत्राने ठरते, व्याज किती, मुदत किती आणि सोय काढून घ्यायची असल्यास किती महिने आधी कळवणार, एवढे त्यात असावे. रकमेचे सूत्र गंगाजळीवर किंवा राष्ट्रीय उत्पन्नावर बांधू नये. येत्या ९० दिवसांत त्या देशाच्या बँकांना आणि मोठ्या कंपन्यांना परकीय चलनात किती फेडायचे आहे त्यावर ते बांधावे, कारण घबराट नेमकी त्याच आकड्याची असते.

अडचण अशी की हा आकडा आज नीट कोणाकडेच नाही. चलन अदलाबदलीचे व्यवहार ताळेबंदावर कर्ज म्हणून दिसत नाहीत, जरी मुदतीला डॉलर चुकते करावेच लागतात. मध्यवर्ती बँकांची बँक असलेल्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सने डिसेंबर २०२२ मध्ये दाखवले की अशा व्यवहारांतून डॉलर देण्याची एकूण बंधने ८० लाख कोटी डॉलरहून अधिक आहेत. हा ढोबळ आकडा आहे, दोन्ही बाजूंची वजावट न करता काढलेला, हे मान्य. तरी त्यातला मोठा भाग अगदी छोट्या मुदतीचा आहे आणि पेन्शन फंड, विमा कंपन्या अशा बिगरबँक संस्थांचा वाटाही मोठा आहे. मार्च २०२० चा ताण याच बाजूने आला होता. बासेल ३ या आंतरराष्ट्रीय बँक नियमांनी बँकांचे भागभांडवल जोखीमभारित (जोखमीनुसार वजन देऊन मोजलेल्या) मालमत्तेच्या किमान ७ टक्क्यांवर नेले आणि ३० दिवस पुरेल इतकी रोखता ठेवायला लावली. तो बदल आवश्यकच होता. पण तो बँकांपुरता आहे, आणि तिथेही ३० दिवसांचे गणित किती लवकर कोलमडते ते ९ मार्च २०२३ ला दिसले: सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले. परकीय चलनाच्या देण्यांची मुदतवार माहिती दर महिन्याला, बिगरबँक संस्थांसह गोळा करणे आपण बंधनकारक करावे. ती नसेल तर वरचे सूत्र कागदावरच राहील.

जे देश स्वॅपच्या कसोटीत बसणार नाहीत त्यांच्यासाठी नाणेनिधी आहे, पण तिथे जाणे हेच बदनामीचे झाले आहे. मार्च २००९ मध्ये नाणेनिधीने चांगल्या धोरणांच्या देशांसाठी आधीच मंजूर होणारी लवचिक कर्जसोय सुरू केली. मेक्सिकोला लगेच सुमारे ४७ अब्ज डॉलरची सोय मिळाली, पाठोपाठ पोलंड आणि कोलंबिया आले. त्यानंतर मोजकेच देश पुढे आले, कारण अर्ज केला की बाजार म्हणतो, यांना काय माहीत आहे जे आपल्याला माहीत नाही? यावर उपाय म्हणजे अर्जच काढून टाकणे. वार्षिक आढाव्याच्या वेळीच नाणेनिधीने पात्र देशांची यादी स्वतःहून जाहीर करावी. यातही धोका आहे: यादीतून नाव गळाले की तेच घबराटीचे कारण बनेल. म्हणून पात्रता दोन वर्षांची असावी आणि गळणाऱ्या देशाची मर्यादा एका झटक्यात शून्यावर न आणता टप्प्याटप्प्याने उतरवावी.

एसडीआरचे, म्हणजे नाणेनिधी सदस्य देशांना देते त्या राखीव मालमत्तेचे वाटप हा तिसरा मार्ग. २ एप्रिल २००९ च्या लंडन परिषदेत आपण जी १.१ लाख कोटी डॉलरची घोषणा केली, त्यात २५० अब्ज डॉलरचे एसडीआर होते आणि ते ऑगस्टअखेर, म्हणजे पाच महिन्यांत खात्यांवर पोहोचले. २०२० मध्ये तसे झाले नाही. एप्रिलमध्ये प्रस्ताव आला तेव्हा अमेरिकेच्या तत्कालीन सरकारने विरोध केला. वाटपाला ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक आहेत, त्यामुळे विषय तिथेच थांबला. ६५० अब्ज डॉलरचे वाटप झाले ते २३ ऑगस्ट २०२१ ला. हा आकडाही गरज मोजून आला नव्हता. अमेरिकी कायद्यानुसार काँग्रेसच्या मंजुरीविना जेवढ्याला संमती देता येते, त्या मर्यादेच्या आत तो बसवला होता. वाटप नाणेनिधीतल्या कोट्याच्या, म्हणजे प्रत्येक देशाच्या ठरलेल्या वाट्याच्या प्रमाणात होते, म्हणून त्यातले सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला सुमारे २१ अब्ज डॉलर आले. श्रीमंत देशांनी आपला न वापरलेला वाटा नाणेनिधीच्या न्यासांमार्फत कर्जाऊ देण्याचे ठरवले. तेही संकट सरत आल्यावर.

इथे वापरणाऱ्यांसाठी एक खाचखळगाही आहे. एसडीआर वापरले की त्यावर व्याज द्यावे लागते. २०२१ मध्ये तो दर ०.०५ टक्के होता, २०२३ मध्ये ४ टक्क्यांच्या वर गेला. फुकट समजून खर्च केलेला पैसा दोन वर्षांत महागडे कर्ज झाला. गरीब देशांसाठी या दरावर कमाल मर्यादा हवी. आणि वाटप कधी करायचे याची कसोटी आधी ठरवावी, उदाहरणार्थ जागतिक व्यापार सलग दोन तिमाहींत ठरावीक टक्क्यांनी घटला की प्रस्ताव आपोआप नाणेनिधीच्या संचालक मंडळापुढे यावा. मत देण्याचा हक्क आपल्याकडेच राहील. विषयपत्रिकेवर येण्यासाठी मात्र कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागणार नाही.

शेजाऱ्याला न विचारता केलेल्या उपायांबद्दल थोडक्यात. ३० सप्टेंबर २००८ ला आयर्लंडने आपल्या बँकांच्या सुमारे ४४० अब्ज युरोच्या देण्यांना सरसकट हमी दिली. ही रक्कम देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त होती. ब्रिटनमधल्या ठेवी तिकडे वळू लागल्या आणि काही दिवसांत युरोपभर ठेवींच्या हमीची चढाओढ लागली. नोव्हेंबर २०१० मध्ये आयर्लंडला स्वतःलाच ८५ अब्ज युरोच्या मदत कार्यक्रमात जावे लागले. तशीच चूक उलट दिशेने आपल्या टोरोंटो परिषदेत झाली: जून २०१० मध्ये, सावरणे अर्धवट असतानाच, प्रगत देशांनी २०१३ पर्यंत तूट निम्मी करण्याचे वचन एकत्रच दिले. सगळ्यांनी एकाच वेळी खर्च आखडला, तर एकमेकांचा माल घ्यायला कोण उरते?

राहिला कर्जांचा प्रश्न. डॉलरची चणचण तात्पुरती असेल तर स्वॅप पुरतो. देशाची ऐपतच संपली असेल तर नवे कर्ज म्हणजे जुन्या धनकोंना बाहेर पडायला दिलेली वाट. ग्रीसमध्ये मे २०१० ला ११० अब्ज युरोचे कर्ज जुन्या देण्यांना हात न लावता दिले गेले. खासगी धनकोंची दर्शनी रक्कम ५३.५ टक्क्यांनी कापली गेली ती मार्च २०१२ मध्ये. मधल्या दोन वर्षांत ओझे खासगी खात्यांवरून सरकारी खात्यांवर सरकले.

आपली २०२० ची समान चौकट, म्हणजे गरीब देशांच्या कर्ज पुनर्रचनेची जी-२० ची सामायिक पद्धत, यावर उतारा म्हणून आली. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये व्याज थकवले आणि २०२१ च्या सुरुवातीला अर्ज केला. सरकारी धनकोंशी समझोता जून २०२३ मध्ये झाला, रोखेधारकांशी २०२४ मध्ये. नोव्हेंबर २०२३ मध्ये रोखेधारकांशी झालेला करार सरकारी धनकोंनी ‘समान वागणूक नाही’ म्हणून फेटाळला होता. समान म्हणजे काय, याचे गणित मात्र जाहीर नव्हते. ते किती बदलू शकते पाहा: दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० डॉलरचे आजचे मूल्य ५ टक्के दराने ६१ डॉलर भरते, १० टक्के दराने ३९. एकाच प्रस्तावात एक धनको म्हणतो मी ३९ टक्के सोडले, दुसरा म्हणतो ६१, आणि दोघेही आपापल्या कोष्टकानुसार खरे असतात. गणिताचा दर आणि सूत्र आधी प्रसिद्ध करा. नाणेनिधीच्या अधिकाऱ्यांशी प्राथमिक सहमती झाली त्या दिवसापासून सर्व परकीय हप्ते आपोआप थांबावेत. सरकारी धनकोंच्या समितीने सहा महिन्यांत प्रस्ताव द्यावा आणि न दिल्यास नाणेनिधीने त्यांच्यासाठी न थांबता, देशाची जुनी देणी थकलेली असली तरी, कर्ज वितरित करावे. खासगी धनकोंना ऐच्छिक ठेवले की काय होते ते गरीब देशांचे कर्जहप्ते पुढे ढकलण्यासाठी आपण २०२० मध्ये आणलेल्या हप्ते-स्थगितीच्या योजनेत दिसले: ७३ पात्र देशांपैकी ४८ सहभागी झाले, सुमारे १२.९ अब्ज डॉलरचे हप्ते पुढे ढकलले गेले, आणि खासगी धनको आला तो एकच. बहुतेक आंतरराष्ट्रीय रोखे न्यूयॉर्क आणि इंग्लंडच्या कायद्याखाली येतात, म्हणून खासगी धनकोंना या स्थगितीशी बांधणारा कायदा करण्याची जबाबदारी त्या दोन ठिकाणांची आहे.

एवढी सगळी कामे एका वर्षात होणार नाहीत. पण स्वॅपचे निकष प्रसिद्ध करण्यासाठी नवा करार लागत नाही आणि अंदाजपत्रकात तरतूदही लागत नाही. फेडरल रिझर्व्ह कायद्याच्या कलम १४ खाली आजही हे व्यवहार चालतात. पुढच्या बैठकीच्या निवेदनात त्या दस्तऐवजाच्या मसुद्याची तारीख घालावी, मसुदा तीन महिने खुला ठेवावा आणि यादीबाहेरच्या मध्यवर्ती बँकांच्या लेखी हरकती मागवून त्या उत्तरांसह प्रसिद्ध कराव्यात, ही आमची आग्रहाची विनंती.

आपले,
आंतरराष्ट्रीय वित्त, बँक नियमन आणि कर्ज पुनर्रचना या क्षेत्रांत काम करणारे अभ्यासक